इम्प्रेझाचा निळा: स्प्रे कॅन की एअरब्रश?

सुबारू इम्प्रेझाच्या १/२४ मापाच्या प्लास्टिक मॉडेलच्या बॉडीसाठी तामिया कंपनीचा टीएस-५० हा निळ्या रंगाचा स्प्रे कॅन घ्यावा की एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन? खर्चात कॅन सरळ स्वस्त. एअरब्रशमागे कॉम्प्रेसर आणि थिनरही आलं.

खरा फरक थरात. कॅनमधून रंग भसाभस येतो. २०-२५ सेंमीवरून दोन हलके हात आणि एक ओला (जाडसर, चकचकीत बसणारा), एवढ्यावर थांबलं नाही तर दारांच्या खाचा बुजतात. एअरब्रशला ०.३ मिमी नोझल, लॅकर (झटपट सुकणारा रंग) थिनरने निम्मा पातळ, अंतर ८-१० सेंमी. खाचा शाबूत राहतात. मात्र दर रंगानंतर एअरब्रश धुणं चुकत नाही, आणि तेच कंटाळवाणं. पावसाळी हवेत लॅकर दोन्हीकडे पांढुरका पडतो. डेकलवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांवर) क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक लॅकरचा, पहिलाच हात ओला बसला की डेकल सुरकुततात. इथे कॅन जास्त दगा देतो.

वर्षाला एकदोन एकरंगी गाड्या करणाऱ्याला कॅन पुरे. दुरंगी बॉडी, चाकांमागे चिखलाची झाक हवी असेल तर एअरब्रशच.