मुरमाड माळ, पाण्याचे चर आणि मायकोरायझाची पिशवी : तीन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

माण तालुक्यातील आमचा माळ म्हणजे वर वीतभर मुरूम आणि खाली कच्चा खडक. कुसळी गवताखेरीज तेथे काही टिकत नव्हते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे पाऊस मुळात कमी, आणि जो पडतो तो थोड्या दिवसांत, जोराच्या सरींनी, त्यामुळे पाणी मुरण्याआधीच उरलीसुरली माती घेऊन ओढ्याला मिळते. या जमिनीत सीताफळाची रोपे लावताना मी मायकोरायझाचे, म्हणजे दुकानात ‘व्हॅम’ या नावाने मिळणारे, दाणेदार जैविक खत वापरले. त्याच्याविषयीचा हा अभिप्राय आहे.

पहिली गोष्ट अशी की, या पिशवीला खत म्हणत असले तरी आत असतात ते बुरशीचे जिवंत बीजाणू. ही बुरशी मुळाच्या पेशींत शिरून झाडाकडून साखर घेते आणि त्या बदल्यात, केशमुळांहूनही बारीक अशा आपल्या तंतूंनी, मुळे पोचत नाहीत अशा फटींतून स्फुरद (म्हणजे फॉस्फरस) आणि पाणी आणून देते. जिवंत मुळावाचून तिची वाढ होत नाही. म्हणून हे दाणे वरून फोकून उपयोग नाही. ते रोप लावतानाच खड्ड्यात मुळाला चिकटतील असे टाकावे लागतात.

पहिल्या वर्षी माझे पैसे वाया गेले. एका दुकानातून आणलेली पिशवी पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर तापलेली होती आणि तिची मुदतही संपत आली होती, हे मी घरी आल्यावर वाचले. शिवाय सवयीने खड्ड्यात सुपर फॉस्फेट भरपूर घातले. स्फुरद आयते मिळाले की झाड या बुरशीला फारसे जवळ करत नाही, हे मला नंतर कळले.

दुसऱ्या वर्षी आधी पाण्याकडे लक्ष दिले. समपातळीवर ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल असे सलग समतल चर खोदले आणि निघालेल्या मुरमाचा भरावा उताराच्या बाजूला रचला. अशा चराच्या एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावते. रोपे भरावालगत लावली, अळ्यांत पाचटाचे आच्छादन केले आणि दोन रोपांच्या मध्ये मटकी पेरली, म्हणजे बुरशीला जिवंत मुळे मिळत राहतील. जैसलमेरकडील खडीन याच तत्त्वावर चालते : खडकाळ उतारावरचे पाणी बांधाशी अडवायचे आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीचे पीक घ्यायचे.

तुलनेसाठी एका ओळीला फक्त चर ठेवला, एका ओळीला चराविना फक्त मायकोरायझा दिला आणि उरलेल्या ओळींना दोन्ही दिले. फक्त मायकोरायझा दिलेली ओळ पुढच्या उन्हाळ्यात जवळजवळ सगळी वाळली. फक्त चर असलेली ओळ तगली. दोन्ही मिळालेल्या ओळींतील रोपे मात्र पानांनी भरली आणि नवी फूट लवकर आली. मटकी उपटली तेव्हा फरक हातात कळला : या ओळींतील मुळांना मुरमाचे बारीक दाणे एकमेकांना चिकटून गच्च धरून होते, झटकले तरी पडत नव्हते, नुसत्या चराच्या ओळीत मूळ धुतल्यासारखे स्वच्छ निघाले. बुरशीचे तंतू मातीचे कण बांधून ठेवतात, असे वाचले होते. ते असे दिसेल याची कल्पना नव्हती. पाचटाखाली दिसणारे पांढरे जाळे मात्र या बुरशीचे नव्हे, ते काडीकचरा कुजवणाऱ्या वेगळ्या बुरशीचे असते. मायकोरायझा मुळात शिरली की नाही, हे मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच समजते, त्यामुळे पांढरे जाळे दाखवून माल विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

माझे मत असे की, जेथे वरची माती वाहून गेली आहे आणि पाणी अडवण्याची सोय झाली आहे, तेथे हा खर्च योग्य आहे. चर खोदलेले नसतील तर ते पैसे आधी चरांवर घालावेत. पिशवीवर उत्पादनाची तारीख आणि एका ग्रॅममधील जिवंत बीजाणूंची संख्या छापलेली नसेल, तर ती परत करावी. मोहरी, कोबी, पालक यांच्या मुळांशी या बुरशीचे जमत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी ती घेऊच नये.

यंदाच्या दोन नव्या ओळींसाठी मी पिशवी घेतलेली नाही. ओढ्याकाठच्या जुन्या बोरीखालची माती, बारीक मुळ्यांसकट, ओंजळ ओंजळ प्रत्येक खड्ड्यात घातली आहे. येथल्याच उन्हात टिकलेली बुरशी तीत असणार, आणि पुढच्या पावसाळ्यात या ओळींतील मटकी उपटून मी पुन्हा मुळे पाहणार आहे.