एजंट न लावता पासिंग: छोटा हत्ती आणि जुन्या अल्टोचा अनुभव

माझं काम एपीएमसीतून, म्हणजे घाऊक बाजारातून, कांदा-बटाटा उचलून ऐरोली, घणसोली, कळवा पट्ट्यातल्या खानावळींना आणि केटरर्सना पोचवायचं. त्यासाठी एक छोटा हत्ती टेम्पो आहे, एमएच ४३ चा, म्हणजे नवी मुंबईचा. घरी बाबांची अल्टो आहे, ती एमएच ०४, म्हणजे ठाण्याची, कारण घेतली तेव्हा आम्ही कळव्याला राहायचो. टेम्पोचं वार्षिक पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, आणि अल्टोची पंधरा वर्षं, दोन्ही लागोपाठ आली. दोन्ही कामं एजंट न लावता केली आणि त्यानंतर गाड्या रोज रस्त्यावर आहेत. काम झाल्या झाल्या लिहिलं असतं तर "काही नाही हो, सोपं आहे" एवढंच लिहिलं असतं. मध्ये बराचसा पावसाळा गेल्यावर जरा वेगळं सांगण्यासारखं आहे.

मत आधीच सांगून टाकतो. प्रत्यक्ष तपासणी हा या सगळ्यातला सगळ्यात छोटा भाग आहे. आरटीओच्या मैदानात गाडीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पास की नापास, ते त्याच्या आधीच ठरलेलं असतं, थोडं कागदांवर आणि बरंचसं आपल्या इलेक्ट्रिशियनच्या गाळ्यात.

आधी नियम, कारण आमच्या सोसायटीत यावर रोज वेगळं ऐकायला मिळतं. पिवळी पाटी (धंद्याची गाडी) आणि पांढरी पाटी (खासगी गाडी) यांचं गणित वेगळं आहे. धंद्याच्या गाडीला नवीन असताना दोन वर्षांचं फिटनेस मिळतं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी नूतनीकरण, आठनंतर दरवर्षी. आमचा टेम्पो आठच्या पुढे गेलाय, म्हणजे आता दरवर्षी वारी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे फिटनेस संपलेली धंद्याची गाडी नोंदणीच नसल्यासारखी धरतात, त्यामुळे हा नुसता दंडाचा विषय नाही. अपघात झाला तर विमावाला पहिल्यांदा तोच कागद मागतो. खासगी गाडीला दरवर्षी काही नसतं. पंधरा वर्षांनी आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, संपते, गाडी दाखवायची, पाच वर्षं वाढवून मिळतात, मग पुन्हा पाच. अर्ज फॉर्म २५ मध्ये, आणि मुदत संपायच्या आधी साठ दिवसांपासून करता येतो. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच घालावी लागते ही दिल्लीकडची बातमी ऐकून पसरलेली समजूत. दिल्ली-एनसीआरचे आदेश तिथले आहेत, ठाण्याला ते लागू नाहीत.

आता जवळचं केंद्र शोधण्याबद्दल. नकाशावर "फिटनेस सेंटर" टाकून काही उपयोग नाही. त्यात व्यायामशाळा आधी येतात, मग एजंटांची ऑफिसं. तुमची गाडी कुठे जाणार हे आरसीवरचा पत्ता ठरवतो. आम्ही ऐरोलीत राहतो, पण अल्टोच्या आरसीवर कळव्याचा पत्ता, म्हणून आरटीओच्या ऑनलाइन पोर्टलवर तिच्यासाठी ठाण्याचं कार्यालय येत होतं. पत्ता बदलला तर तीस दिवसांत कळवायचं असा नियम आहे. आपल्याकडे तो कोण पाळतो ते सोडा. पण नूतनीकरणाच्या वर्षी तरी आधी पत्ता बदलून घ्या, मगच बाकीचं. ज्यांचं कर्ज फिटलंय त्यांनी आरसीवरून बँकेचं नाव उतरवलंय का तेही बघा. आमच्या टेम्पोवर ते तसंच राहिलं होतं, बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) फाइलमध्ये पडून.

तपासणीची वेळ घेतली की मिळणाऱ्या स्लॉटच्या पावतीवर तपासणीची जागा नीट वाचा. कार्यालय एकीकडे आणि ब्रेक बघायचा ट्रॅक दुसरीकडे, असं बऱ्याच ठिकाणी असतं. याला कारण आहे. ब्रेकच्या चाचणीला २५० मीटरचा ट्रॅक हवाच, असं मुंबई उच्च न्यायालयाने जनहित याचिकेत बजावलं आणि २०१७ मध्ये ट्रॅक नसलेल्या आरटीओंतली तपासणी बंद पडली. आमचा ड्रायव्हर तेव्हा दुसऱ्याच्या गाडीवर होता. पासिंगसाठी गाडी दुसऱ्या गावच्या ट्रॅकवर नेऊन रात्रभर रांगेत झोपल्याच्या गोष्टी तो अजून सांगतो.

ऑनलाइन भाग त्रासाचा नाही, फक्त एक गोष्ट आधी करून ठेवायची. वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चॅसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले की ओटीपी येतो, तो आरसीला जोडलेल्या मोबाइलवर. बाबांचा तो जुना नंबर कधीच बंद झालेला. मोबाइल बदलण्याची सोय तिथेच आहे, पण त्यात एक संध्याकाळ जाते. एचएसआरपी, म्हणजे नव्या सुरक्षित नंबरप्लेटच्या पाटीचंही तसंच. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला ती बसवल्याशिवाय पुढचं काम हलत नाही. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. आम्हाला ज्या दुकानात पाटी बसवायची तारीख मिळाली, तिथल्या पोऱ्याने "फिटिंग चार्ज" म्हणून वर पैसे मागितले. पावती दे म्हटल्यावर गप बसला.

अल्टोची नूतनीकरणाची फी ५००० रुपये. १ एप्रिल २०२२ पासूनचा हा दर आहे, त्याआधी तो ६०० होता, म्हणून बाबा दोन दिवस कुरकुरले. मुदत टळली तर चारचाकीला महिन्याला ५०० वेगळे. पर्यावरण कर आणखी वेगळा, तो पोर्टलच काढून देतं. टेम्पोची फी वजन आणि वयाप्रमाणे निघते. धंद्याच्या गाडीला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये असा केंद्राचा नियम आहे. २०२४ मध्ये यावरून रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी आंदोलन केलं आणि राज्य सरकारने वसुलीला स्थगिती दिली. त्या स्थगितीच्या भरवशावर तारीख चुकवू नये, इतकंच म्हणतो.

एजंटाचंही सांगायला हवं. ड्रायव्हर सारखा म्हणत होता, "शेठ, तुम्ही कशाला रांगेत उभं राहता? देऊन टाका एजंटाला." म्हणून विचारायला गेलो. "सगळं मिळून" असा एक आकडा सांगितला. फी किती, कर किती, तुमचे किती, एवढं लिहून द्या म्हटलं तर एजंटसाहेबांना फोन आला. वर म्हणे स्पीड गव्हर्नर (वेग अडवणारं यंत्र) बसवावा लागेल, तो माझ्याकडेच मिळेल. नियम ११८ मध्ये लिहिलंय की चाचणी संस्थेने प्रमाणित केलेला कमाल वेगच ताशी ८० किलोमीटरच्या वर नसेल तर त्या गाडीला सूट आहे. आमच्या टेम्पोच्या कागदांवर वेग त्याच्या आत निघाला. तुमच्याही गाडीचं एकदा बघून घ्या, हजारोंचा प्रश्न आहे.

खरं काम झालं ते कोपरखैरण्यातल्या आमच्या इलेक्ट्रिशियनकडे. माणूस साताऱ्याकडचा, बोलतो कमी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम ६२ खाली एक तक्ता आहे, काय काय तपासायचं त्याचा. हेडलाइटचा झोत, बाकीचे दिवे, रिफ्लेक्टर, आरसे, काच, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, धूर, ब्रेक, स्पीडोमीटर, स्टीअरिंग. तो छापून नेला होता. त्याने एकदा नजर टाकली आणि म्हणाला, "दादा, हे पाठ आहे मला. तुम्ही गाडी भिंतीसमोर लावा."

गाळ्याच्या भिंतीवर त्याने खडूने एक आडवी रेघ मारून ठेवलीय. गाडी ठरावीक अंतरावर उभी करायची, पुढे टायरच्या हवेपासून सुरुवात. हवा कमी-जास्त असली तर झोतच तिरका पडतो, हे मला माहीत नव्हतं. मग डिपर, म्हणजे खालचा झोत. डाव्या दिव्याचा झोत रेघेच्या खाली बसला, उजव्याचा वर, थेट समोरच्याच्या डोळ्यात. भावाने हौसेने घातलेले पांढरेफेक एलईडी बल्ब त्याने न विचारता काढले आणि साधे ६०/५५ वॉटचे हॅलोजन बसवले. एलईडीचा प्रकाश जास्त दिसतो खरा, पण त्या रिफ्लेक्टरमध्ये तो फुटतो, एक रेघ पकडतच नाही. हॅलोजन लावल्यावर भिंतीवर झोताची वरची कड दोरीसारखी सरळ आली, डाव्या बाजूला किंचित चढती. ती तशीच हवी, आपण डावीकडून चालतो ना. मागे रिव्हर्सचा दिवा बंद होता, तो बल्ब गेला नव्हता, होल्डर गंजला होता. खाडीकाठची हवा गाडीला अशी आतून खाते.

त्याच हवेचा दुसरा प्रताप चॅसिस नंबर. तपासणीत तो बघतात, ठसा घेतात. टेम्पोच्या खाली जिथे तो कोरलेला असतो तिथे चिखल आणि गंजाचा थर. आदल्या दिवशी रॉकेल, तारेचा ब्रश, मग फडक्याने पुसून वर खडू घासला, तेव्हा पांढऱ्यात आकडे वाचता आले. घासताना जोर लावू नका, आकडाच पुसट झाला तर भलतीच भानगड.

पीयूसी, म्हणजे धुराचं सर्टिफिकेट. एका व्हॅनवाल्याने नळी न घालता, नुसता पाटीचा फोटो काढून सर्टिफिकेट द्यायची तयारी दाखवली. नको म्हटलं, कारण मैदानात कुणी धूर बघितला तर तो कागद काय कामाचा? दुसरीकडे नेला. डिझेलला ॲक्सिलरेटर पुन्हा पुन्हा पूर्ण दाबून धूर मोजतात. बीएस-४ (धुराच्या नियमांचा टप्पा) गाडीला मर्यादा ५० एचएसयू, म्हणजे धुराच्या दाटपणाचं माप, त्याआधीच्या गाड्यांना ६५. आमचा टेम्पो बीएस-४ आणि पहिलं रीडिंग ५८. मेकॅनिकने एअर फिल्टर उघडला तर आत कांद्याच्या टरफलांचा भुगा, जाळीवर लाल पापुद्रा बसलेला. मार्केटात दिवसभर तेच उडत असतं. फिल्टर बदलल्यावर रीडिंग आरामात आत आलं, आणि तेव्हापासून चढावर गाडी ओढते आहे, डिझेलही जरा कमी पितेय. पासिंगच्या निमित्ताने झालेला हा सगळ्यात मोठा फायदा. बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांना पीयूसी वर्षभर चालतं, जुन्यांना सहा महिने.

टायरचं लोक गुळगुळीत होईपर्यंत थांबतात. चारचाकीला खाच किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचांच्या मध्ये रबराचे बारीक उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की संपला. अल्टोचे पुढचे दोन बदलले.

तपासणीचा दिवस मात्र सांगण्यासारखा नाही. सकाळी लवकर गेलो, गाडी धुतलेली होती, आरटीओच्या साहेबांनी दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर लावायला सांगितले, चॅसिस नंबर बघितला, गाडी पळवून ब्रेक मारायला लावला, फोटो काढले. संपलं. बाबांना वाटलं होतं बराच वाद होईल, तयारीने आले होते. कुणी काही बोललंच नाही, तेव्हा थोडे हिरमुसले.

माझी तक्रार पद्धतीबद्दल आहे. नजरेने बघितलेला ब्रेक आणि रोलरवर मोजलेला ब्रेक यात फरक आहे. केंद्राने २०२१ मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम काढले. त्यात ब्रेक, हेडलाइट, स्पीडोमीटर, सस्पेन्शन सगळं यंत्रावर मोजायचं, आकडा थेट संगणकात. नाशिकला असं यंत्रांचं केंद्र बऱ्याच वर्षांपासून आहे. तिथे काही गाड्या डाव्या-उजव्या चाकाच्या ब्रेकमधल्या फरकावर अडकतात, जो नुसतं पळवून थांबवून कळत नाही. आमच्याकडे तसं मोजलं गेलं असतं तर मला जास्त आवडलं असतं, भले एक खेप वाढली असती.

आता नंतरच्या महिन्यांचं. हॅलोजन टिकले, झोत हलला नाही, ठाणे-बेलापूर रोडवर रात्री समोरचे डिपर मारायचे थांबले. अल्टोची नवी आरसी उशिरा आली, तोवर डिजिलॉकरवर काम भागलं. पोलिसांनी एकदा ऐरोलीच्या पुलाजवळ टेम्पो थांबवला, ॲपमधली फिटनेसची तारीख बघितली, सोडलं. टिकली नाही ती रिफ्लेक्टर टेप. पुढे पांढरी, मागे लाल, बाजूंना पिवळी, असा नियम. पासिंगच्या घाईत ती धुळीवरच चिकटवली गेली, आणि जुलैच्या पावसात मागच्या फाळक्यावरची लाल पट्टी एका टोकाने सुटून शेपटीसारखी फडफडायला लागली. दुसऱ्यांदा पत्रा सर्फने धुऊन, उन्हात वाळवून, कडा दाबून लावली, ती अजून आहे. दुकानात प्रमाणित असल्याची खूण नसलेली स्वस्त टेपही मिळते, ती घेऊ नका. चमकते दिवसा, रात्री काळी.

मार्क द्यायचे तर पाचपैकी चार. एक कापला तो पत्ता, मोबाइल आणि पाटी या तीन वेगवेगळ्या दारांमुळे. ज्यांच्याकडे पाच-दहा गाड्या आहेत आणि दिवसाचं भाडं बुडतं, त्यांनी एजंट लावला तर मी नावं ठेवणार नाही, फक्त पैशांची फोड लिहून घ्यावी. एक-दोन गाड्यांवाल्यांना गरज नाही. वीस वर्षांच्या पुढच्या गाडीवाल्यांनी मात्र आधी हिशेब करावा. ऑगस्ट २०२५ पासून त्या वयाच्या चारचाकीला नूतनीकरणाचे १०,००० झालेत. बाबांना सांगितलं, तर म्हणाले तोवर बघू. टेम्पोची पुढची तारीख दिवाळीच्या आसपास आहे. फिल्टर त्याआधी उघडणार, आणि टेप गणपती झाल्यावर, पाऊस उघडला की लावणार.