पंधरा दिवसांत घोडी उभी करतो म्हणणारा ‘स्पेशालिस्ट’

घोड्याच्या पायाची खोल जखम भरायला महिने लागतात. खरा डॉक्टर हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगतो. ते ऐकून घरातली माणसं खचतात आणि नेमक्या त्याच वेळी ‘पंधरा दिवसांत घोडी वरातीला उभी करतो’ असं सांगणारा माणूस दारात येतो. आमच्याकडे तो आला, ४०,००० रुपयांच्या वर घेऊन गेला आणि घोडीचा पाय जवळजवळ घालवून गेला. तो अजून मोकळा फिरतो आहे. म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहिते आहे.

आमचं गाव फलटण तालुक्यात. तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या पालखीचं उभं रिंगण होतं, त्यामुळे आमच्या भागात घोड्याचं कौतुक मोठं. पण घोडं पाळणारी घरं थोडी, आणि घोड्याचा उपचार जाणणारी माणसं त्याहून थोडी. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, लग्नाच्या वरातीसाठी घोडी ठेवतात. तिचं नाव तुळसा. कुमैत म्हणजे काळपट तांबड्या रंगाची, कपाळावर चांद. तिच्या कमाईवर घराचा निम्मा खर्च चालायचा. एका वरातीत डीजेच्या भिंतीशेजारीच कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, घोडी उधळली आणि शेजारच्या डाळिंबाच्या बागेच्या काटेरी तारेत तिचा मागचा डावा पाय अडकला. तिने तो ओढून काढला. नळीवरची कातडी सोलून खाली लोंबत होती आणि आतलं हाड दिसत होतं.

आमच्या दवाखान्याचे सरकारी डॉक्टर रात्रीच आले. दाबपट्टीने रक्त थांबवलं, सलाईनने जखम बराच वेळ धुतली, सांध्यापर्यंत इजा गेली नाही ना ते बघितलं. प्रतिजैविक दिलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मग आबांना समजावलं की मागच्या पायाच्या मोठ्या सांध्याखाली घोड्याला मांस नसतंच. तिथे फक्त कातडी, कंडरा म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, आणि हाड, रक्तपुरवठाही कमी. त्यामुळे तिथली जखम सावकाश, तळातून वर भरत येते. पट्टी नियमित बदलावी लागेल, आणि हाड उघडं पडलं होतं म्हणून काही आठवड्यांनी एक्स-रे काढावा लागेल. एकूण एक शब्द खरा होता. पण त्यांच्याकडे कितीतरी गावं, ते रोज येऊ शकत नव्हते, आणि पुढे लग्नसराई उभी होती.

माझ्या भावाने पट्टी कशी बांधायची हे विचारायला घोडेवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जखमेचा फोटो टाकला. थोड्याच वेळात फोन आला. बोलणारा अतिशय नम्र होता. म्हणाला, मी घोड्यांचाच डॉक्टर, रेसच्या घोड्यांवर आयुष्य गेलं. दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरला तेव्हा गाडीवर लाल क्रॉस, गळ्यात स्टेथोस्कोप. ‘आबा, ही तुमच्या दारची लक्ष्मी आहे, हिला मी पडू देणार नाही,’ म्हणाला. सरकारी डॉक्टरांबद्दल एकही वाईट शब्द नाही. ‘ते चांगलेच आहेत, पण गाई-म्हशींचे. घोडं वेगळं जनावर.’ यातलं अर्धं खरं असतं, म्हणूनच ते माणसाच्या मनात बसतं.

त्याने शिरेत एक इंजेक्शन दिलं. ‘फॉरेनचं आहे.’ बाटलीवरचं लेबल फाडलेलं. संध्याकाळपर्यंत तुळसा, जी पाय नुसता टेकवत होती, ती चारही पायांवर नीट उभी राहिली. आजूबाजूची माणसं बघायला आली. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच क्षणी त्याचा पुढचा सगळा सौदा पक्का झाला.

ते औषध दुखणं दाबणारं होतं. दुखणं दाबलं की घोडा पाय टेकतो. जखम जिथल्या तिथेच असते. उलट दुखत नाही म्हणून जनावर त्या पायावर नको तेवढा भार देतं. असलं औषध योग्य प्रमाणात खरे डॉक्टरही देतात आणि द्यायलाच हवं. पण ते देऊन ‘बघा, बरी झाली’ म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे. पुढे गोठ्याच्या कोपऱ्यात एक रिकामी बाटली सापडली. तिच्यावर लेबलाचा तुकडा शिल्लक होता. तो पाहून नंतरच्या डॉक्टरांनी ओळखलं, डायक्लोफिनॅक. मेलेल्या जनावरांच्या मांसातून ते पोटात जाऊन गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात, म्हणून भारतात २००६ पासून जनावरांना ते देण्यावर बंदी आहे. हा माणूस तेच औषध फॉरेनचं म्हणून दर खेपेला वेगळे पैसे घेऊन टोचत होता.

धनुर्वाताचं इंजेक्शन आधी दिलंय हे सांगूनही त्याने ‘माझं स्ट्राँग आहे’ म्हणत दुसरं टोचलं आणि त्याचे पैसे सगळ्यात जास्त लावले. कुपी रेक्झिनच्या बॅगेतून काढली, बर्फ नाही, थर्मास नाही. ही औषधं २ ते ८ अंश सेल्सियसमध्येच ठेवावी लागतात. धनुर्वाताचं भय खरं आहे, कारण त्याचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीतच असतात आणि सगळ्या पाळीव जनावरांत घोडा त्याला फार लवकर बळी पडतो. माणसाला वाचवणारं धनुर्वातविरोधी रक्तद्रवही कित्येक दशकं घोड्याच्याच रक्तातून तयार होत आलं आहे. ज्या जनावराने इतकं दिलं, त्याच्याच जीवाच्या भीतीवर कुणी पैसे कमवावेत, याचा मला आजही संताप येतो.

मग त्याची पूड. मोरचूद आणि कसलंतरी काळं तेल एकत्र करून त्याने जखमेत भरलं. ‘जखम सुकली पाहिजे.’ वर आवळून पट्टी, आणि ताकीद, मी येईपर्यंत उघडायची नाही, दुसऱ्याला दाखवायची नाही, हात बदलला की जखम बिघडते. मोरचूद मांस जाळतो. वर काळी कोरडी खपली येते, ती बघून जखम सुकल्यासारखी वाटते, आणि खाली पू साचत राहतो. वास यायला लागला तेव्हा तो म्हणाला, घाण बाहेर पडतेय, चांगलं लक्षण. कातडीच्या वर लालसर गाठीगाठीचं मांस उचलून आलं तेव्हा म्हणाला, बघा, मांस भरतंय. पुढच्या खेपेला तेच मांस जाळायचे वेगळे पैसे घेतले. घोड्याच्या पायावर असं फाजील मांस वाढतं आणि त्याच्यावरून नवी कातडी सरकू शकत नाही, हे कुठलाही शिकलेला डॉक्टर सांगेल. तो ते नीट छाटतो आणि वर योग्य दाबाची पट्टी बांधतो. या माणसाची रीत एकच, प्रत्येक वाईट लक्षणाला चांगलं म्हणायचं आणि त्याच्यावर नवं बिल लावायचं. बिल म्हणजे तोंडी आकडा. पावती कधीच नाही, आणि पैसे प्रत्येक वेळी वेगळ्याच नंबरवर, वेगळ्याच नावाने.

एक्स-रेचा विषय भावाने काढला तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. ‘एक्स-रे काढलात तर ही घोडी पुन्हा गाभण राहणार नाही.’ हे धादांत खोटं आहे. पायाच्या एक्स-रेने असं काहीही होत नाही. डिग्री मागितली तर मोबाइलवर एक कागद पाठवला, तो होता प्रथमोपचाराच्या छोट्या प्रशिक्षणाचा.

तुळसाने चंदी, म्हणजे तिचा खुराक, सोडली, मग पाणीही कमी केलं. भावाने ताप मोजला, १०३ फॅरनहाइटच्या वर. निरोगी घोड्याचं तापमान साधारण ९९ ते १०१ असतं. सरकारी डॉक्टरांना फोन केला. ते एक शब्दही न बोलता आले, पट्टी कापली आणि त्याच दिवशी घोडी टेम्पोतून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायला सांगितली.

तिथे एक्स-रे निघाला आणि पू का थांबत नव्हता ते कळलं. हाडावर एक पातळ आवरण असतं, त्यातून हाडाच्या वरच्या थराला रक्त मिळतं. तारेने ते सोललं गेलं, उघडं हाड वाळलं, त्यावर जंतू आणि ती जाळणारी पूड. हाडाचा एक पापुद्रा मरून सुटा झाला होता. असा मेलेला तुकडा आत आहे तोवर कितीही औषध द्या, जखम वरून मिटल्यासारखी होते आणि पुन्हा फुटते. तो पहिल्या दिवसांत एक्स-रेत दिसतही नाही, काही आठवडे जावे लागतात, म्हणूनच आमच्या डॉक्टरांनी नंतर एक्स-रे काढायचा म्हणून सांगितलं होतं. तुळसाला गुंगीचं इंजेक्शन देऊन, पाय बधिर करून, उभ्यानेच तो तुकडा काढला. दुखणं दाबणाऱ्या त्या इंजेक्शनांनी पोटात व्रण झाले असावेत म्हणून ती बदलली आणि पोटासाठी वेगळं औषध सुरू केलं. त्यानंतर जखम खरोखर भरायला लागली.

पट्टी बदलायला तिथे मला शिकवलं, तेही सांगते, कारण लुबाडणाऱ्याला जागा मिळते ती आपल्याला हे माहीत नसतं म्हणून. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, त्या पाण्याने धुवायचं, भरपूर धुवायचं. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर पाणी घालून फिक्क्या चहाच्या रंगाचं करायचं, घट्ट नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड, फिनेल, रॉकेल, बॅटरीची पूड, मोरचूद यातलं काहीही नाही. ही सगळी नव्या पेशी मारतात. जखम वाळवायची नसते, स्वच्छ आणि ओलसर झाकून ठेवायची असते. पट्टीखाली कापसाचा जाड थर हवा, नाहीतर आवळलेल्या पट्टीने कंडराच दुखावतात. चांगल्या पायालाही पट्टी बांधायची, कारण सगळा भार त्याच्यावर येतो. पावसाळ्यात माश्या बसू द्यायच्या नाहीत, अळ्या पडायला वेळ लागत नाही. ताप रोज मोजून वहीत लिहायचा. आणि सांध्याजवळच्या जखमेतून पिवळसर चिकट पाणी येऊ लागलं, किंवा घोडा पाय अजिबात टेकेना, तर सकाळची वाट बघायची नाही. जबडा आखडला, कान ताठ झाले, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा वर सरकताना दिसला, तर तो धनुर्वात असू शकतो, तिथेही तेच.

डॉक्टर खरा आहे का हे विचारायला लाजायचं कारण नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या माणसाला पशुवैद्यक म्हणून व्यवसाय करता येत नाही. राज्याची पशुवैद्यक परिषद नागपूरला आहे. नोंदणी क्रमांक विचारा. खरा डॉक्टर तो रागावल्याशिवाय सांगतो, औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहितो आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला कधीच मनाई करत नाही. १९६२ या टोल फ्री नंबरवर सरकारी पशुवैद्यकीय सेवेची चौकशी करता येते.

फसवणूक इथे संपली असं आम्हाला वाटलं होतं. मग भावाच्या एका मित्राने मुंबईहून एक मेसेज पाठवला, ‘जखमी घोडीला वाचवा, शस्त्रक्रियेसाठी मदत करा’, खाली क्यूआर कोड. फोटोत तुळसाचा पाय, मागे आमच्या गोठ्याचं निळं दार. त्या ‘स्पेशालिस्ट’ने पट्टी बदलताना काढलेले फोटो होते ते. किती लोकांनी पैसे पाठवले कुणास ठाऊक. पाठवणारी माणसं चांगलीच असणार, जनावरासाठी जीव तुटणारी. त्यांचीही फसवणूकच झाली.

आम्ही पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे, सायबर फसवणुकीसाठी १९३० वरही नोंदवली आहे, आणि पशुवैद्यक परिषदेला पत्र गेलं आहे. पैसे वेगवेगळ्या नंबरवर गेल्याचे स्क्रीनशॉट, ती लेबलाचा तुकडा असलेली बाटली आणि शिरवळची कागदपत्रं जोडली आहेत. आमच्यासारखं कुणाला झालं असेल तर औषधाच्या बाटल्या फेकू नका, फोनवरचे मेसेज पुसू नका, आणि आपापल्या ठाण्यात तक्रार द्या. तक्रारी जितक्या जास्त, तितकं त्याला नाव बदलून दुसऱ्या तालुक्यात जाणं अवघड.

तुळसा आता चालते. नळीवर बिनकेसांचा मोठा व्रण राहिला आहे, वरातीला आबा तिला नेत नाहीत. तो मेसेज मात्र अजून फिरतो आहे. कुमैत घोडी, कपाळावर चांद, मागच्या डाव्या पायाला जखम, मागे निळं दार, असा फोटो तुमच्याकडे आला तर एक रुपयाही पाठवू नका, आणि ज्याने पुढे पाठवला त्याला हे वाचायला द्या.