गार्मिन झीरो सी१ प्रो: मॅग्नमची काडतुसं भरणाऱ्यांसाठी रडार क्रोनोग्राफ

बुलेट तीच, १५८ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक). पावडरही तीच. तरी काडतुसं भरण्याच्या एका मॅन्युअलमधला कमाल लोड, म्हणजे पावडरचं जास्तीत जास्त प्रमाण, दुसऱ्याच्या मधल्या आकड्याएवढा. .३५७ मॅग्नम काडतूस घरी भरणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रश्न येतो. माझं रिव्हॉल्व्हर चार इंची नळीचं, सहाबारी आहे, आणि कुठल्या आकड्यावर थांबायचं हे ठरवताना मी आता या यंत्रावर सर्वांत जास्त विसंबते.

२०२३ मध्ये बाजारात आलेला हा रडारवर चालणारा क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, खिशात मावतो. छोट्या तिवईवर बंदुकीच्या बाजूला ठेवायचा. सुटलेल्या गोळीवर आदळून परतणाऱ्या लहरींची वारंवारिता बदललेली असते, त्या बदलावरून तो वेग काढतो. १०० ते ५००० फूट प्रतिसेकंद हा त्याचा पल्ला, म्हणजे रिव्हॉल्व्हरला हवं त्याच्या कितीतरी पुढे. जुन्या प्रकाशावर चालणाऱ्या क्रोनोग्राफची अडचण मॅग्नमवाल्यांना चांगली ठाऊक आहे. ते नळीपासून दहा-पंधरा फूट पुढे मांडावे लागतात, ऊन-सावली बदलली की आकडे हलतात, आणि संथ जळणाऱ्या पावडरचे न जळलेले कण सेन्सरवरून गेले तर भलताच वेग दिसतो. इथे गोळीच्या वाटेत काहीच उभं करावं लागत नाही. रिव्हॉल्व्हरसाठी एक काळजी मात्र हवीच: सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून दोन्ही बाजूंना गरम वायू निघतो, त्या रेषेत यंत्र ठेवू नका.

पण या यंत्राची खरी किंमत कळायला मॅन्युअलं एकमेकांशी का भांडतात ते समजून घ्यावं लागतं. मॅन्युअलमध्ये आकड्यांच्या वर बारीक अक्षरात टेस्ट बॅरलची माहिती असते, ती आधी वाचा. एकाने १० इंची, फट नसलेली बंद बॅरल वापरलेली असते, तर दुसऱ्याने ४ इंची, रिव्हॉल्व्हरसारखी फट ठेवलेली. तेवढ्यानेच वेगात दोनशे फूट प्रतिसेकंदाचा फरक सहज पडतो. मग दाबाचं एकक. सामी या काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या कोष्टकात .३५७ मॅग्नमची कमाल मर्यादा तांब्याचा छोटा दंडगोल किती चेपला ते बघायच्या जुन्या पद्धतीने ४५,००० सीयूपी आहे आणि पिएझो ट्रान्सड्यूसर या विद्युत सेन्सरने ३५,००० पीएसआय. काडतूस तेच, मोजपट्ट्या दोन. जुन्या पुस्तकातले ४५,००० बघून ‘पूर्वी जास्त दाब चालायचा, आता कंपन्या घाबरल्या’ असं अनुमान काढणारे भेटतात. ते धोक्याचं आहे, कारण हे आकडे सरळ गुणाकार-भागाकार करून एकमेकांत बदलता येत नाहीत.

माझं आवडतं उदाहरण हॉजडनची एच११० आणि विंचेस्टरची २९६ यांचं. दोन्ही डब्यांत पावडर एकच आहे. तरी जुन्या मॅन्युअलांत दोघींचे कमाल आकडे वेगळे छापलेले सापडतात. म्हणजे तो फरक पावडरच्या नावाचा नाही. तो लॉटचा, म्हणजे पावडरच्या एकेका खेपेचा आहे, बॅरलचा आहे, प्रायमरचा, म्हणजे पावडर पेटवणाऱ्या टोपीचा आहे, बुलेट केसमध्ये (काडतुसाच्या कवचात) किती खोल बसवली त्याचाही आहे. दोन कंपन्यांच्या १५८ ग्रेनच्या बुलेटांची लांबी वेगळी असेल, तर केसमध्ये उरणारी जागा वेगळी, आणि जागा कमी झाली की दाब चढतो. याच पावडरीबाबत ‘दहा टक्के खालून सुरू करा’ हा नेहमीचा नियमही चालत नाही. छापलेल्या चार्जपासून, म्हणजे पावडरच्या वजनापासून, ३ टक्क्यांपेक्षा जास्त खाली जाऊ नका, अशी सूचना आहे. म्हणून मी इथे एकही चार्ज लिहीत नाही. आकडा पावडर बनवणाऱ्याच्या ताज्या तक्त्यातूनच घ्यावा.

आता क्रोनोग्राफचं काम. आधी मी कारखान्यातली काडतुसं झाडते आणि खोक्यावरच्या वेगापेक्षा माझं रिव्हॉल्व्हर किती मागे आहे ते बघते. एकाच मॉडेलच्या दोन बंदुकांतही फरक असतो, त्यामुळे ही पायरी गाळू नये. मग ताज्या तक्त्यातल्या सुरुवातीच्या चार्जपासून थोडं थोडं चढते. तो फरक धरूनही मॅन्युअलमधला कमाल वेग मला कमाल चार्जच्या आधीच मिळाला, तर मी तिथेच थांबते. पावडर आणि बुलेट तीच असताना जास्तीचा वेग फुकट येत नाही, तो दाबातून येतो. ही तुलना मात्र त्याच पावडरपुरती. जलद जळणारी पावडर तेवढाच वेग बराच जास्त दाब करून देऊ शकते, आणि हे यंत्र तुम्हाला दाब दाखवत नाही. खोक्यावर हे ठळक छापायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

स्क्रीनवर सरासरी, कमाल-किमान फरक आणि प्रमाण विचलन (वेग सरासरीभोवती किती पसरलेत ते) लगेच दिसतं. पाच गोळ्यांच्या विचलनावर भाळू नका, तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण कमाल-किमान फरक फार मोठा आला तर मी आधी क्रिंप, म्हणजे बुलेटवर आवळलेलं केसचं तोंड तपासते, मग प्रायमर. एच११०सारख्या संथ बॉल (गोल दाण्यांच्या) पावडरला घट्ट क्रिंप आणि मॅग्नम प्रायमर लागतोच. शिवाय एक गोष्ट रडारला कधीच दिसणार नाही: पाच झाडल्यावर सहावं काडतूस काढून व्हर्नियर कॅलिपरने मोजा. धक्क्याने बुलेट पुढे सरकली असेल तर सिलिंडर अडकेल. रिकाम्या केसेस इजेक्टर रॉडवर हलक्या दाबाने बाहेर पडायला हव्यात. रॉड ठोकावा लागला तर दाब आधीच हद्दीबाहेर गेलाय. चपट्या प्रायमरवर मी विश्वास ठेवत नाही, मऊ प्रायमर साध्या लोडलाही चपटा होतो.

बॅटरी आतच बसवलेली, सहा तासांपर्यंत चालते. सेल बदलायची सोय नाही, त्यामुळे दिवसभराच्या सरावाला पॉवर बँक घेऊन जा. फोनवरचं ॲप प्रत्येक सत्र जपून ठेवतं, पण पावडरचा लॉट नंबर आणि बुलेटची बैठक मी वहीतच लिहिते.

वजनकाटा, त्याची तपासणीची वजनं आणि कॅलिपर अजून घेतले नसतील, तर पैसे आधी तिकडे घाला. ते असतील आणि तुम्ही मॅग्नम लोडच्या वरच्या टोकाजवळ काम करत असाल, तर हा जरूर घ्या.