फाल्गुनराव बाईने करायचा की फाल्गुनरावाचीच बाई करायची?

हौशी ग्रुपमध्ये बायका आठ आणि पुरुष दोन, आणि तरी गो. ब. देवलांचं ‘संगीत संशयकल्लोळ’ नाटकच करायचंय, अशी अवस्था असेल तर दोन रस्ते आहेत. एकतर त्यातला संशयी नवरा फाल्गुनराव पुरुषच ठेवा, बाईने धोतर-पगडी चढवून करावा. नाहीतर पात्रच बदला, संशयी नवऱ्याची संशयी बायको करा. आम्ही ठाण्यात दोन्ही करून बघितलंय.

दुसऱ्याचा मोह मला लंडनच्या नॅशनल थिएटरच्या २०१७ च्या, शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्थ नाइट’मुळे पडला. त्यात मॅल्व्होलिओ या कारभाऱ्याची मॅल्व्होलिया झालीय, टॅम्सिन ग्रेगने केलीय, आणि मालकिणीवर जीव जडलेल्या त्या बाईची फजिती होते तेव्हा हसता हसता गळा दाटतो. दुसऱ्याच दिवशी संहिता घेऊन बसलो.

पण इंग्रजीत ‘आय वेंट’ कोणीही म्हटलं तरी तेच. आपल्याकडे ‘गेलो’चं ‘गेले’, ‘बघतो’चं ‘बघते’, पानापानावर. आमची मुलगी पाठांतराला पक्की, आधी मूळ भूमिका पाठ झालेली, त्यामुळे क्रियापद आलं की अडखळायची, ‘मी तिथे उभा... उभी होते’, आणि तेवढ्यात समोरच्याची जागा निघून जायची, हशा गेलाच. तीन आठवडे विंगेतून प्रॉम्प्टिंग करत मी हेच ऐकलं. त्यात अहो-अगंचा घोळ. १९१६ च्या नाटकातली बायको नवऱ्याला ‘अरे’ म्हणते हे कानाला पटेना, ‘अहो’ ठेवलं तर तिचा दरारा जातो. शिवाय संशयी बायको रोज सिरियलमध्ये दिसतेच हो, त्यात मजा काय उरली?

शेवटी तलावपाळीला गडकरी रंगायतनबाहेर चहा घेताना ठरलं, धोतर आणायचं. देवलांचा एक शब्द हलवावा लागला नाही. तसंही यातली नायिका रेवती बालगंधर्वच करायचे, म्हणजे परंपरा आपलीच आहे. आणि बायकोच्या, कृत्तिकेच्या हातात परपुरुषाची तसबीर बघून फाल्गुनराव जी तिरकी नजर टाकतो ना, ती बाईने टाकली तेव्हा हॉलमध्ये आधी बायका हसल्या, पुरुष नंतर. ती नजर त्यांच्या ओळखीची असावी.

तुमच्याकडे संहिता नव्याने लिहिणारं कोणी असेल आणि हातात चार महिने असतील तर दुसरा प्रकार जरूर करून बघा, त्यातही दम आहे. प्रयोग दीड महिन्यावर असेल तर मी तरी धोतरच सांगेन. फक्त मिशी चिकटवू नका, घामाने एक बाजू सुटते, काजळाने रेखा.