गुरुवारचं सॅम्पल आणि शुक्रवारचा बीओडी

नागपुरात पर्यावरण व्यवस्थापनाचं एमएस्सी करत असाल आणि ओजेटीसाठी (ऑन जॉब ट्रेनिंग) जागा शोधत असाल, तर "इंटर्नशिप, सर्टिफिकेट आणि नोकरीची हमी" अशी पाटी लावलेल्या ऑफिसात पैसे भरण्याआधी हे वाचून घ्या. आमच्या वर्गातल्या काही जणांचे पैसे तर गेलेच. पण त्याहून वाईट म्हणजे आमच्या सह्या कुठल्या कुठल्या कागदांवर फिरत आहेत, याचा अजूनही पूर्ण पत्ता नाही.

हा धंदा चालतो कशावर, ते आधी सांगते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीत राज्यात पीजीच्या पहिल्याच वर्षात ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आलं. एका क्रेडिटला ३० तास धरले तर १२० तास. आता नागपुरात आमच्या विषयाच्या जागांची वानवा आहे असं नाही. १९५८ पासूनची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था इथे आहे, वेकोलि (कोळसा) आणि मॉइल (मँगनीज) या खाण कंपन्यांची मुख्यालयं इथे, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं हाकेच्या अंतरावर, शिवाय बुटीबोरी आणि हिंगण्याची एमआयडीसी. पण जागा मोजक्या, आणि शहरातल्या सगळ्या कॉलेजांतले पोट्टे एकाच वेळी अर्ज घेऊन बाहेर पडतात. मेलला उत्तर येत नाही, गेटवरून आत सोडत नाहीत. कॉलेजात विचारलं तर "तुमचं तुम्ही बघा, एनओसी आम्ही देतो." नेमक्या याच दिवसांत व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक पोस्टर येतं.

पोस्टरवरचा माणूस स्वतःला पर्यावरण सल्लागार म्हणवत होता. ऑफिस चांगलं, एसी चालू, भिंतीवर 'नॅबेट अॅप्रूव्हड' (पर्यावरण सल्लागारांना मिळणारी मान्यता) असं लिहिलेलं. बोलणं एकदम घरच्यासारखं. "काऊन टेन्शन घेऊन राहिले तुम्ही? बुटीबोरीच्या कंपनीत टाकतो, महिना ५,००० स्टायपेंड. पंतप्रधान योजनेतून येते ते." फी ९,००० रुपये, त्यात रजिस्ट्रेशन, फील्ड किट आणि विमा. माझ्या रूममेटने विचारलं, "सर, इंटर्नशिपला पैसे कशाचे?" उत्तर तयार होतं. "मोठमोठ्या सरकारी संस्थासुद्धा प्रोजेक्टची फी घेतात, विचारून या."

हे अर्धसत्य आहे, म्हणून जास्त घातक. काही संशोधन संस्था प्रकल्पासाठी शुल्क घेतात, खरं आहे. पण ते संस्थेच्या नावाच्या खात्यात जातं आणि त्याची पावती मिळते. इथे यूपीआयचा क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं ते एका भलत्याच व्यक्तीचं. "अकाउंटंट आहे आपला." जीएसटीचं बिल मागितलं तर "सेशन संपल्यावर सगळ्यांचं एकत्र देतो." स्टायपेंडची गोष्ट तर पाच मिनिटांत तपासता येण्यासारखी होती. २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू झाली तेव्हाच्या नियमांत पूर्णवेळ शिकणारे विद्यार्थी बसतच नव्हते. पण भर उन्हाळ्यात, ओजेटीचा रिपोर्ट द्यायची तारीख डोक्यावर असताना, कोण जाऊन नियमावली वाचतं! ही मंडळी मुहूर्त बरोबर साधतात.

बुटीबोरीची कंपनी काही उगवली नाही. "तिकडे शटडाउन आहे, तोवर फील्ड करून घ्या" म्हणून आमची रवानगी नाग नदीवर झाली. किट म्हणजे रस्त्याच्या कामावरचे लोक घालतात तसं नारिंगी जॅकेट आणि एक पेन.

ज्यांनी कधी सॅम्पलिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं खोलात जाते, कारण फसवणूक इथेच पकडता येते. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर ३०० मिलिलिटरची काचेची बीओडी बाटली लागते, तिरक्या टोकाच्या काचेच्या बुचाची. बीओडी म्हणजे पाण्यातला सेंद्रिय मळ कुजवताना जंतू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप. आत हवेचा एक बुडबुडा राहून चालत नाही. नदीकाठीच मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालून ऑक्सिजन 'फिक्स' करावा लागतो. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढरा राहिला तर नाही. (नाग नदीत बहुधा पांढराच राहिला असता.) बाकीचं सॅम्पल बर्फाच्या पेटीत घालून लवकरात लवकर लॅबमध्ये न्यायचं. आमच्या हातात काय दिलं? पाण्याच्या वापरलेल्या प्लास्टिक बाटल्या. बर्फ नाही, रसायन नाही. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन, आणि सॅम्पल दुपारभर गाडीच्या डिक्कीत. मी म्हटलं, "सर, हे खराब होईल." तर म्हणे, "लॅबमध्ये सगळं अॅडजस्ट होते."

अॅडजस्ट झालंच. गुरुवारी भरलेल्या बाटल्यांचा रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळी टेबलावर होता, त्यात बीओडीचा आकडा दशांशासकट. आपल्याकडच्या पद्धतीत बीओडीची बाटली २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. जुन्या पद्धतीने गेलात तर २० अंशाला ५ दिवस. या पद्धतींनी एका रात्रीत बीओडी काढणारी लॅब जगात नाही. त्याच पानावर सीओडी, म्हणजे तोच मळ रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, बीओडीपेक्षा कमी दाखवला होता; खरं तर तो जास्त असायला हवा. असलं उत्तर पहिल्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलला लिहिलं असतं तर मॅडमनी जर्नल भिरकावलं असतं. आकडे बनवणाऱ्याला आकडेसुद्धा धड बनवता येत नव्हते, याचा मला आजही राग येतो.

हवेच्या फॉर्मची तऱ्हा वेगळी. फिल्टर पेपर आधी डेसिकेटरमध्ये (ओलावा काढून टाकणाऱ्या बंद भांड्यात) ठेवून वजन करायचं, सॅम्पलर २४ तास चालवायचा, मग पुन्हा वजन. फरकातून पीएम १०, म्हणजे हवेतली बारीक धूळ, निघते. आम्हाला दिलेल्या फॉर्मवर दोन्ही वजनं आधीच छापून आलेली होती. पीएम १० चे सगळे आकडे २४ तासांच्या घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या आत, पण अगदी आत नाहीत, ऐंशी-नव्वदच्या घरात. खूप स्वच्छ दाखवलं तर कुणाला संशय येईल ना! खाली रकाना होता, 'सॅम्पल कलेक्टेड बाय'. "तुमचे १२० तास यातूनच मोजले जातात, सही करा." एका फॉर्मवर अशी तारीख होती ज्या दिवशी आम्ही सगळे परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर लिहीत बसलो होतो.

या कागदांचं पुढे काय होतं, ते आमच्यातल्या काटोलच्या एका मित्राच्या लक्षात आलं. त्याचे काका एका छोट्या कारखान्यात काम करतात. उद्योगांना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राच्या नूतनीकरणासाठी असे तपासणी अहवाल लागतात. मार्चअखेरच्या वर्षाचं पर्यावरण विवरण, म्हणजे फॉर्म व्ही, ३० सप्टेंबरपर्यंत भरावं लागतं, त्यालाही आकडे हवेतच. खरं मॉनिटरिंग करायचं तर यंत्रं, माणसं, लॅबचा खर्च. इथे माणसं फुकट. फुकट कसली, उलट पैसे देऊन आलेली.

मग आम्ही उलटीकडून शोधायला बसलो. रिपोर्टवर एनएबीएलचा, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा, प्रमाणपत्र क्रमांक होता. एनएबीएलच्या संकेतस्थळावर तो टाकला तर क्रमांक खरा निघाला, पण लॅब भलतीच. तिचा स्कोप, म्हणजे मान्यता असलेल्या चाचण्यांची यादी, उघडून पाहिला तर त्यात फक्त सिमेंट आणि बांधकाम साहित्य. पाण्याचं, हवेचं नावसुद्धा नाही. नुसता क्रमांक आहे की नाही एवढं पाहून थांबू नका, स्कोपची यादी उघडा, आपली चाचणी तिच्यात आहे का बघा. नॅबेटची मान्यताप्राप्त सल्लागारांची यादीही जाहीर असते. २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेखालचे अहवाल करणाऱ्यांसाठी ती मान्यता लागते. भिंतीवरचं नाव त्या यादीत नव्हतं. बुटीबोरीच्या कंपनीचा नंबर ऑफरच्या पत्रावरून न घेता आम्ही स्वतः शोधला आणि एचआरला फोन केला. त्यांनी त्या माणसाचं नावही ऐकलेलं नव्हतं.

ऑफिसात जाऊन विचारलं तर सुरुवातीला उडवाउडवी, मग दमदाटी. "सह्या तुमच्या आहेत. बोंबलाल तर तुम्हीच अडकाल." या एका वाक्यावर निम्मी पोरं गप्प बसली, आणि ते बोललंही त्यासाठीच गेलं होतं. आठवडाभरात फोन बंद, पोस्टर नव्या नावाने दुसऱ्या ग्रुपवर.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पोलिस ठाण्यात लेखी अर्ज दिला, कलम विचाराल तर फसवणुकीचं आता भारतीय न्याय संहितेतलं ३१८. क्यूआरचा स्क्रीनशॉट, चॅट, बनावट रिपोर्ट आणि परीक्षेचं हॉल तिकीट, सगळं जोडलं. हॉल तिकिटाचा उपयोग सगळ्यात जास्त झाला, कारण त्या तारखेला आम्ही सॅम्पल घ्यायला गेलो नसल्याचा तो कागदोपत्री पुरावा होता. ग्राहक आयोगातही जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही. आमच्यातले दोघं ती तयारी करत आहेत. पैसे अजून मिळालेले नाहीत. कॉलेजने ओजेटीला मुदत वाढवून दिली आणि आता कंपनीचं पत्र विभागातून फोन करून पडताळल्याशिवाय एनओसी देत नाहीत.

तुम्ही कुठे अशा कोऱ्या किंवा आधी भरलेल्या फॉर्मवर सही केली असेल, तर ज्या लॅबचं नाव वापरलंय तिला आणि सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनातल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवा की अमुक तारखेचं सॅम्पल मी घेतलेलं नाही. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या आणि तिचा फोटो काढून घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. आम्ही कळवलं तेव्हा त्या सिमेंटवाल्या लॅबचा दोनच ओळींचा मेल आला. हा रिपोर्ट आमच्या रजिस्टरमध्ये नाही, आणि आमच्याकडे पाण्याची चाचणी होत नाही. तो मेल आम्ही पोलिसांच्या अर्जाला जोडला आहे.