बडोद्यात पुराच्या वेळी मदतीला उतरायचंय: होमगार्ड, नागरी संरक्षण की आपदा मित्र?

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी ओसरलं आणि माझ्या भाच्यानं ठरवलं, पुढच्या पुरात गच्चीवर बसून राहायचं नाही. तो खासगी कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. नाव कुठे नोंदवावं, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, आधी हे बघ, पाण्यात उतरून हात मोडला तर खर्च कोण देणार?

होमगार्ड दल डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतात दंगली आवरण्यासाठी उभं राहिलं. १९४७ चा तो मुंबईचा कायदाच गुजरातेत चालत आला. ड्यूटीवर असताना होमगार्ड कायद्यानं लोकसेवक असतो. पण ही सरकारी नोकरी नव्हे. ड्यूटी लागली तर भत्ता, नाही लागली तर हात रिकामे. गुजरात सरकारनं २०२२ मध्ये रोजचा भत्ता ३०० वरून ४५० रुपये केला. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये हिमाचलच्या होमगार्डांना कायम करायला नकार दिला. मात्र तीस दिवसांचा भत्ता पोलिसाच्या किमान वेतनाइतका भरावा, असं बजावलं. नवरात्रात रात्रभर गरब्याच्या बंदोबस्ताला उभं राहणाऱ्याची चूल याच पैशावर पेटते. त्याला ‘मानसेवी’ म्हणून कमी पैशांत राबवणं मला अन्यायाचं वाटतं. घर याच भत्त्यावर चालवायचं असेल, तर दुसरं काम हाताशी ठेवूनच यात उतरावं.

नागरी संरक्षण दल १९६८ च्या कायद्याचं. मूळ हेतू युद्धकाळाचा, पण २००९ च्या दुरुस्तीनं आपत्ती व्यवस्थापनही त्यात आलं. कामावर असताना इथला सदस्यही लोकसेवकच. मोबदल्याची अपेक्षा मात्र ठेवू नये. पगारदार माणसाला हे सोयीचं, फक्त बोलावणं आल्यावर कामावरून सोडण्याची कंपनीची परवानगी आधीच लेखी घ्यावी. साहेबांच्या तोंडी ‘हो’वर राहू नये.

आपदा मित्र ही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची योजना. २०१६ मध्ये ३० जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांपर्यंत वाढवली. वय १८ ते ४०, बारा दिवसांचं प्रशिक्षण, बचावसाहित्याचा संच आणि ठराविक मुदतीचा विमा. पोहणं, दोर, प्रथमोपचार शिकायचे तर मी हेच निवडेन. विम्याची मुदत कधी संपते, ते मात्र कागदावर पाहून घ्यावं.

भाच्याला सलग बारा दिवस रजा मिळेना. तो नागरी संरक्षणाकडे वळला, आणि अर्ज देण्याआधी ताईनं त्याचा वेगळा अपघाती विमा काढून घेतला.